वसंतनानांची मेन लाईन

आमच्या कंपनीच्या वेळापत्रकात दोन दिवस एका मयतीसाठी राखून ठेवलेले होते. मयत कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. कारण तो माणूस अजून जिवंत होता आणि तो कोण, हेही ठरलेलं नव्हतं.

ही नोंद वसंतनानांची. पुण्याहून आलेल्या सल्लागारांच्या नजरेला ती पडली तेव्हा आम्ही सगळे मीटिंगच्या खोलीत बसलो होतो. भिंतीवर प्रोजेक्टरने आमच्या कामाचा तक्ता पाडलेला. डावीकडे कामांची नावं, उजवीकडे तारखांच्या खाली आडव्या पट्ट्या. 'पाया खोदणे' अशी एक पट्टी, 'पत्रे चढवणे' अशी एक पट्टी, आणि मध्येच एक छोटी करडी पट्टी, 'अज्ञात मयत'.

"हे काय आहे?" सल्लागारांनी विचारलं.

"मयत," नाना म्हणाले.

"कोणाची?"

"ते अजून कळलं नाही साहेब. पण साठ माणसं सहा महिने साइटवर राहणार. त्यांचे काके, मामे, सासरे धरले तं एखादा जातोच. मग चार गाड्या भरून माणसं गावी जातात आणि दोन दिवस काम बंद. आधी धरलेलं बरं."

"पण ही जोखीम आहे. ती वेगळ्या तक्त्यात दाखवतात."

"जोखीम म्हणजे होईल का नाही ते माहीत नसतं ती," नाना म्हणाले. "हे माहीत आहे."

सल्लागारांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढची पट्टी विचारली. पुढची पट्टी कानबाईच्या सणाची होती. मागची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत सगळ्या साइटचं काम शून्य धरलेलं होतं. त्यावर सल्लागार काही बोलले नाहीत. ते मे महिन्यातच आले होते आणि त्यांचा रुमाल ओला होता.

नानांचं वय तेव्हा एकसष्ट. अंगाने बारीक, पांढरा हाफ शर्ट, खिशाला चार रंगांचं एक पेन, आणि पायात बारा महिने लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. लग्नालाही तेच. दीपनगरच्या वीज केंद्रात ते नियोजन विभागात होते. तिथे एखादा संच दुरुस्तीसाठी बंद करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. ठरलेल्या दिवसांत शेकडो कामं बसवायची आणि ठरलेल्या दिवशी संच पुन्हा सुरू करायचा, हे नानांनी चौतीस वर्षं केलं. सुरुवातीला खाकी कागदावर पट्टी-पेन्सिलने, मग कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावर बोदवडच्या घरी ते तीन महिने बसले. चौथ्या महिन्यात त्यांनी गल्लीतल्या नळाच्या पाण्याचं वेळापत्रक करून सगळ्या घरांत वाटलं. पाणी काही त्याप्रमाणे आलं नाही. पाचव्या महिन्यात काकूंनीच त्यांना नोकरी शोधायला सांगितलं.

आमची कंपनी जळगावात, एमआयडीसीत. केळी कच्ची कापतात आणि थंड, बंद खोल्यांत पिकवतात. त्या खोल्या आम्ही बांधून देतो. मी तिथे साइट इंजिनिअर. आमचं प्रत्येक काम उशिरा व्हायचं, म्हणून आमचे मालक किरणशेठ यांनी कामाचं नियोजन करणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. कोणतं काम, कोणाच्या नावावर, कधी सुरू, कधी संपणार, हे त्यात भरायचं. वेळेत असलं की हिरवं, रेंगाळलं की पिवळं, तारीख टळली की लाल. बंगळुरूहून एक बाई दोन दिवस व्हिडिओवर शिकवत होत्या. आम्हा पाचजणांपैकी चौघांना काही कळलं नाही. नानांनी पहिल्या तासात त्यांच्या उदाहरणातल्या तीन चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या बाई नानांना विचारून आम्हाला शिकवू लागल्या.

तेव्हापासून ऑफिसात नानांचं राज्य सुरू झालं.

नानांनी कामांचे दोन भाग केले, मेन लाईन आणि सायडिंग. सगळी हयात भुसावळच्या आसपास गेल्यामुळे त्यांना रेल्वेशिवाय उपमा सुचत नसे. ज्या कामाला एक दिवस उशीर झाला की सगळंच एक दिवस पुढे जातं, ते मेन लाईनवरचं. ज्याला उशीर झाला तरी चालतं, ते सायडिंगचं. माणसांनाही ते असंच मोजत. "दगाभाऊ मेन लाईनचा माणूस आहे. संदीपभाऊ, तुम्ही आज सायडिंगला आहे, चहा सांगा." मी चहा सांगायचो.

त्यांचा एका शब्दावर राग होता. 'होऊन जाईल' असं कोणी म्हटलं की ते कॅलेंडर उघडत आणि फार नम्रपणे विचारत, "हे 'होऊन जाईल' कोणत्या महिन्यात येतं? मले सापडून नाही राहिलं." आमचा फोरमन दगाभाऊ धुळ्याकडचा. गेली वीस वर्षं तो प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत आला होता, "बठ्ठं व्हई जाई." नानांनी त्याचं हे उत्तर एक आठवडा तसंच सॉफ्टवेअरमध्ये भरलं. तारखेच्या रकान्यात अक्षरं चालत नाहीत, म्हणून मशीनने दगाभाऊच्या नावापुढे लाल त्रिकोण काढला. त्रिकोण मालकांच्या फोनवरही दिसत होता. पुढच्या सोमवारी दगाभाऊ आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "गुरुवार." म्हणाला आणि स्वतःच दचकला.

नव्वद टक्केही नानांना चालत नसे. "नव्वद टक्के म्हणजे सुरू केलं नाही," ते म्हणायचे. त्यांच्याकडे तीनच आकडे होते: शून्य, पन्नास आणि शंभर.

मालकांनाही त्यांनी सोडलं नाही. 'नकाशावर शेठची सही' या कामाला त्यांनी नऊ दिवस धरले. किरणशेठनी विचारलं, "नाना, सहीला नऊ दिवस?"

"सहीला एक मिनिट," नाना म्हणाले. "बाकीचे दिवस तुम्ही सापडायला."

शेठ हसले. त्या वेळी सही अकराव्या दिवशी झाली. सॉफ्टवेअरने शेठच्या नावापुढेही लाल खूण केली आणि नियमाप्रमाणे तशी सूचना शेठनाच पाठवली.

खरी ठिणगी पडली ती सावद्याजवळच्या कामावर. तिथल्या केळी उत्पादकांच्या एका संस्थेसाठी आम्ही बारा खोल्या बांधत होतो. त्यांना त्या एप्रिल संपायच्या आत हव्या होत्या. नानांचा तक्ता मे महिन्याचा तिसरा आठवडा सांगत होता. शेठनी नानांना खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "नाना, ही शेवटची पट्टी जरा मागे ओढा."

नानांनी ती ओढली. माउसने धरली आणि एप्रिलमध्ये आणली. क्षणभर सगळं हिरवं दिसलं. मग त्यांनी बोट सोडलं आणि पट्टी परत मे महिन्यात गेली.

"पाहिलं? पडद्यावर ओढता येते," ते म्हणाले. "भिंत नाही ओढता येत."

शेवटी शेठनीच फोन करून संस्थेला मे महिना सांगितला. संस्थेचे लोक थोडे रागावले, मग त्यांनी तोडणीचं आपलं वेळापत्रक बदलून घेतलं. कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा आम्ही एखाद्याला खरी तारीख सांगितली होती. त्याचं श्रेय नानांना कोणी दिलं नाही. त्यांना ते नकोही असावं. त्यांनी 'ग्राहकास कळवणे' या कामापुढे शंभर टक्के लिहिलं आणि जेवायला गेले.

मला नाना आवडत नव्हते, हे सांगायला हवं. त्या कामात माझ्या नावावर सतरा कामं होती आणि कधीही पाहिलं तरी त्यातली चारेक लाल असत. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन यायचा. "संदीपभाऊ, कशावर अडलं?" मी काहीतरी सांगायचो. "ते कोणाच्या नावावर?" ते माझ्याच नावावर असायचं. नानांच्या स्वतःच्या नावापुढे एकदाही लाल आलेलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि मला त्रास.

त्याच सुमारास माझी बायको स्वाती गरोदर होती. मी रजेसाठी डॉक्टरांनी दिलेली तारीख ऑफिसात सांगितली. नानांनी चष्मा वर केला.

"ही तारीख लवकरात लवकरची, का उशिरात उशिराची?"

"अंदाजे आहे, नाना."

"अंदाजे," ते म्हणाले आणि दोन्ही बाजूंना एकेक आठवडा सोडून त्यांनी एक पट्टी आखली. त्या संध्याकाळी मी घरी जेवत असताना फोन वाजला. स्वातीने उचलून वाचलं: "'बाळंतपण' हे काम तुमच्यावर सोपवण्यात आलं आहे." खाली जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव आणि प्रगती शून्य टक्के.

"बरं झालं," स्वाती म्हणाली. "माझी सुटका झाली." पुढचे दोन दिवस ती मला काही उचलू देत नव्हती.

पण ती पट्टी उजवीकडे लांब कुठेतरी राहिली आणि बाळ सात आठवडे आधी आलं. एप्रिलची सुरुवात होती. सकाळी स्वातीचं पोट दुखायला लागलं आणि दुपारी मुलगी झाली. वजन एक किलो चारशे. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, पाहू या. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, रोजचं रोज पाहू.

साइटवर नेमकी त्याच आठवड्यात सगळ्यात अवघड कामं होती. भिंतींचे पॅनेल उभे राहत होते, कम्प्रेसर येणार होते, वीजजोडणीची तपासणी होती. सगळं मेन लाईनवरचं आणि बहुतेक माझ्या नावावरचं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून फोनवर साइट चालवायचा प्रयत्न करत होतो. आत स्वाती पडून होती, पलीकडे पेटीत मुलगी, आणि मी दगाभाऊला बोल्टांची मापं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन थरथरला. 'पॅनेल उभारणी: तुम्हाला या कामावरून काढण्यात आलं आहे.' मी पाहतोय तोवर पुन्हा. 'कम्प्रेसर उतरवणे: तुम्हाला या कामावरून काढण्यात आलं आहे.' मग 'निचरा पाइप'. मग 'वीज तपासणी'. एकामागून एक सतरा सूचना आल्या. अठरावी आली ती म्हणजे माझं नाव प्रकल्पातूनच काढल्याची. मी उघडून पाहिलं तर तक्ताही दिसेना. परवानगी नाही, असं येत होतं.

मुलीचं उद्या काय होईल ते माहीत नाही, आणि त्यात नोकरी गेली. मी नानांना फोन लावला.

"नाना, हे काय केलं?"

"काय केलं?"

"माझं नाव काढलं."

"हो. तुम्ही रजेवर आहे. रजेवरच्या माणसाच्या नावावर काम ठेवलं तं ते लाल होतं."

"लाल होतं म्हणून? नाना, माझी मुलगी पेटीत आहे आणि तुम्हाला तक्ता हिरवा पाहिजे?"

"संदीपभाऊ, मी मीटिंगमध्ये आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शेठचा फोन लागत नव्हता. ते तेव्हा परगावी होते. मी ती रात्र कशीतरी काढली. सकाळी स्वातीला म्हटलं, दोन तासांत येतो, आणि मोटारसायकलवर सावद्याला निघालो. काय करणार होतो, ते मलाच माहीत नव्हतं. बहुतेक भांडणार होतो. साइटच्या दारावर म्हातारा वॉचमन होता. रोज मला सलाम करणारा. त्याने आज दार उघडलं नाही. हातातला कागद त्याने दोनदा वाचला.

"साहेब, तुमचं नाव नाही ना यादीत."

"अहो, मला ओळखत नाही का तुम्ही?"

"ओळखतो ना. पण यादीत नाही."

आतून नाना आले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शर्टवर सिमेंटचे डाग. मी त्यांना कधी मळलेल्या शर्टात पाहिलं नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी उन्हात उभं राहून चेहरा लालबुंद झाला होता, पण मी तेव्हा काही पाहण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

"मला आत जाऊ द्या," मी म्हटलं.

"नाही."

"का नाही?"

"रजेवरच्या माणसाला आत काही झालं तं विमा लागू होत नाही. नियम आहे."

"माझी नोकरी आहे की नाही, तेवढं सांगा."

"ते शेठ सांगतील. मी फक्त वेळापत्रक पाहतो." मग ते वॉचमनकडे वळले. "यांना पाणी द्या. आणि पाणी पिऊन झाल्यावर जळगावच्या रस्त्याला लावून द्या. थांबू नका देऊ." एवढं बोलून ते आत गेले. चालताना एका पायाने किंचित लंगडत होते.

मी दवाखान्यात परत आलो. साइट नाही, फोन नाही, काम नाही. मग मी पेटीजवळ बसलो. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. नर्सनी हात धुवायला लावले आणि काचेच्या गोल खिडकीतून बोट आत घालू दिलं. चौथ्या दिवशी स्वातीला आधार देऊन मी तिथे आणलं. आठव्या दिवशी मला मुलीच्या रडण्याचे दोन प्रकार ओळखू यायला लागले. बाराव्या दिवशी तिला पहिल्यांदा स्वातीच्या छातीशी बांधलं, आणि मी बाजूला बसून तिचं डोकं सावरत होतो. नानांचा राग येत होता, पण तो दिवसातून एकदाच, दहा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी फोन वाजत नव्हता.

तेविसाव्या दिवशी आम्ही मुलीला घरी आणलं. पुढच्या सोमवारी मी ऑफिसला गेलो, राजीनामा लिहूनच. वाटलं, त्यांनी काढण्यापेक्षा आपण दिलेला बरा.

किरणशेठ परत आलेले होते. त्यांनी पेढे मागितले, मुलीचं वजन विचारलं. मी राजीनामा खिशातच ठेवला आणि विचारलं, "सावद्याचं काम कोणाकडे दिलं?"

"कोणाकडे म्हणजे? नानांकडे. तूच सांगितलं ना त्यांना?"

मी काही सांगितलं नव्हतं. जागेवर जाऊन मशीन उघडलं. तक्ता दिसत होता. माझं नाव त्या सकाळी पुन्हा घातलेलं होतं. मी माझी सतरा कामं शोधली. प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्ती म्हणून एकच नाव होतं: वसंत.

त्यातली नऊ लाल होती.

कधी पॅनेल न उभारलेल्या माणसाने पॅनेल उभारले होते. एक भिंत तिरकी गेली म्हणून उतरवून पुन्हा उभी केली होती. वीज तपासणी दोनदा नापास झाली होती. सगळं काम आठ दिवस पुढे गेलं होतं. उशिराचं कारण लिहायचा एक रकाना असतो. तो भरल्याशिवाय नवी तारीख देता येत नाही. त्यात नानांनी लिहिलं होतं: 'नियोजनातील चूक. व. पां.' तेच संस्थेला पत्राने कळवलं होतं. माझी रजा, मुलगी, दवाखाना, यातलं एक अक्षर कुठे नव्हतं.

दगाभाऊला फोन केला तर तो म्हणाला, "म्हातारा पत्र्यावर चढना भो!" मग जरा सावरून सांगितलं, की नाना रोज बोदवडहून पहिल्या गाडीने भुसावळ आणि तिथून एसटीने सावदा असे यायचे, माणसांच्या आधी. पहिल्याच दिवशी पाय मुरगळला तरी दुसऱ्या दिवशी हजर.

मी नानांच्या टेबलाजवळ गेलो. ते एका नव्या कामाच्या पट्ट्या आखत होते.

"नाना, उशीर माझ्यामुळे झाला. तुम्ही चूक तुमची का लिहिली?"

"चूक माझीच आहे," ते मान वर न करता म्हणाले. "एका माणसावर सतरा कामं टाकायला नको होती. तुमच्या नावाला बदली माणूसच ठेवला नव्हता मी. प्लॅन करणाऱ्याची चूक आहे ती."

"मला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तं तुम्ही आले असते."

"तरीपण आलोच होतो."

"म्हणून तं यादी केली," नाना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दूध पिते का नीट?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची पट्टी आखायला घेतली.

मी एवढ्यावर समजलो होतो, की माणूस वरून कोरडा आणि आतून बरा आहे. आणखी काही समजायचं बाकी असेल असं वाटलं नव्हतं.

मुलीचं नाव आम्ही मुक्ता ठेवलं. तीन महिन्यांची झाल्यावर तिला मुक्ताईच्या दर्शनाला नेलं. येताना स्वाती म्हणाली, बोदवडला जाऊ, नानांना दाखवू. मी फोन केला. नानांनी विचारलं, "किती वाजता पोहोचाल?" मी वेळ सांगितली. पोहोचलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या आणि आत पुऱ्या तळून तयार होत्या.

घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. काकूंनी मुक्ताला स्वातीकडून लगेच घेतलं आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. नाना मला बाहेरच्या खोलीत त्यांच्या लॅपटॉपवर नवं काम दाखवू लागले. मधल्या दाराला नुसता पडदा होता.

"किती किलोची होती?" आत काकूंनी विचारलं.

"एक चारशे," स्वाती म्हणाली.

"आमची बाराशेची होती. अकरा दिवस होती."

नाना मला भिंतीच्या आणि छताच्या कामातला संबंध समजावून सांगत होते. ते बोलत राहिले.

"भुसावळला दवाखान्यात होती," काकू सांगत होत्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी तसा आवाज होता. "तेव्हा पेट्या कुठं होत्या एवढ्या. कापसात गुंडाळून ठेवायचे. हे तिकडं दीपनगरला, शटडाऊनला. सायकलवर अर्धा तास लागतो. अकरा दिवसांत दोनदा आले. यांना कोणी अडवलं होतं असं नाही गं. साहेब तं म्हणायचे, जा. पण यांनाच वाटायचं, आपण हललो तं सगळं हलेल. नाव पण नव्हतं ठेवलं. म्हटलं, हे मोकळे झाले की ठेवू." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मग नाही झालं दुसरं."



नानांचा हात माउसवर होता. लॅपटॉपवर पट्टी अर्धवट ओढलेली होती आणि ती तशीच राहिली. मी तक्त्याकडे पाहत राहिलो. दुसरीकडे कुठे पाहावं ते कळेना.

"शटडाऊन एक दिवस आधीच संपलं होतं," नाना म्हणाले. माझ्याशी म्हणाले की कसं, ते सांगता येणार नाही. "सत्कार केला होता आमच्या विभागाचा." मग ते म्हणाले, "कोणता संच होता, ते आता आठवत नाही मले."

ज्यांना पंधरा वर्षांपूर्वी कोणता व्हॉल्व्ह किती तासांत बसवला ते सांगता यायचं, ते हे म्हणत होते.

त्यांनी लॅपटॉप बंद केला. उठून मोरीत गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, स्वच्छ टॉवेलला पुसले. आणि पडदा सारून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वातीकडे पाहिलं. स्वातीने मान हलवली.

नाना जमिनीवर मांडी घालून बसले. काकूंनी मुक्ताला त्यांच्या हातात दिलं. दोन्ही हात त्यांनी ताठ पुढे धरले होते, आणि ती हातांवर आल्यावर ते हललेच नाहीत.

"मान कशी धरायची?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी त्यांचा उजवा हात उचलून मुक्ताच्या डोक्याखाली ठेवला.

"अशी," त्या म्हणाल्या.